मिगच्या नाकावरची नळी

कारागीर : तुझा हा खटाटोपच मला पटत नाही. किटमधल्या मिग-21च्या नाकावरची ती पिटो नळी रनरच्या चौकटीवरून सोडवायला तू दिव्याखाली श्वास रोखून बसतोस, तरी ती मोडते, आणि वर म्हणतोस की हात हलला. हात हलला म्हणून मोडली नाही. ती मोडणार हे साच्यातच ठरलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंगवर माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो. दाणा वितळतो 200 अंशांच्या वर. साचा त्या मानाने गारच. वितळलेलं प्लास्टिक रनरमधून धावतं, गेटच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरतं आणि साच्याच्या भिंतीला लागताक्षणी गोठायला लागतं. भाग जाड असेल तर फिकीर नाही. पण तुझ्या नळीसारखा लांब आणि बारीक असेल, तर एका टोकाने सोडलेला माल दुसऱ्या टोकाला पोचण्याआधीच गोठतो. मग साचा करणारा काय करतो? नळीच्या अंगावर चार-पाच ठिकाणी गेट देतो. म्हणजे माल चार तोंडांनी आत येणार आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना भिडणार. भिडतो तेव्हा दोन्हींचं तोंड अर्धवट गोठलेलं असतं, ते नीट एकजीव होत नाही. त्या जागेला आम्ही वेल्ड लाइन म्हणतो. आता तुझे तुकडे बघ. गेटपाशी मोडलेत का? नाही. दोन गेटांच्या मधोमध मोडलेत. जिथे सांधा होता तिथेच.

हौशी : सांधा होता हे मान्य, काका. पण त्या सांध्यावर जोर कुणी आणला? किट डब्यातून निघालं तेव्हा नळी अखंड होती. इतक्या लांबून आली, कुरिअरवाल्याने डबा आपटला असेल, तरी टिकली. आणि मी निपर लावला तेव्हा मोडली. म्हणजे दुबळी जागा साच्याने दिली, पण जोर माझ्या कापण्यातून आला. निपर कापतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो पाचरीसारखा घुसतो. दोन पाती दोन्ही बाजूंनी आत शिरतात आणि तिथलं प्लास्टिक बाजूला सारतात. सारलेल्या प्लास्टिकला कुठेतरी जायला जागा हवी. एका बाजूला रनरचा जाड दांडा, तो हलत नाही. दुसऱ्या बाजूला अर्धा मिलिमीटर जाडीची नळी, तीच सरकणार. सरकली की तिच्या दुबळ्या सांध्यावर ताण. बरं, रंगीत प्लास्टिक असेल तर मोडण्याआधी ते पांढरं पडतं. तो पांढरा डाग म्हणजे आतून तडकायला सुरुवात झाल्याची खूण. आपण तो बघून न बघितल्यासारखं करतो.

कारागीर : अर्धा मिलिमीटर का, हेही सांग की. खरी 36 मिलिमीटर जाडीची नळी असेल तर 1:72च्या मापात बरोबर अर्धा मिलिमीटर उरते. माप छोटं करता येतं, प्लास्टिकची ताकद त्या हिशेबात बसत नाही. म्हणून म्हणतो, हा भाग प्लास्टिकमध्ये ओतायचाच नव्हता. आणि ओतलाच, तर तो सुखरूप काढायची जबाबदारी गिऱ्हाइकावर कशाला? आमच्याकडे मशीनशेजारी टेबलं लावून बायका गेट कापायच्या. एकमेकींशी बोलत, बघता बघता क्रेट भरायच्या. त्यांचे भाग मोडत नव्हते. त्यांचे हात काही देवाने वेगळे घडवले नव्हते. गेट जाड अंगावर दिलेलं असायचं, आणि भाग ठेवायला नायलॉनचं फिक्श्चर असायचं. भाग त्यात बसवला की तो हलूच शकत नाही. काळजी घेणं ही पद्धत नव्हे. ज्याच्यात लक्ष जरा इकडेतिकडे गेलं तरी काम बिघडत नाही, ती पद्धत.

हौशी : इथे आपला खरा मतभेद आहे. तुमची पद्धत हजार भागांसाठी आहे. माझ्याकडे नळी एकच. तिच्यासाठी फिक्श्चर कोण बनवणार? तरी तुमचं म्हणणं मी सोडून देत नाही. नाशिकजवळच्या ओझरला 1960च्या दशकात मिग-21 एफएल बनायला लागली, ती आधी रशियाहून आलेल्या सुट्या भागांच्या जुळणीतूनच. सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी होती. तिथे प्रत्येक भाग जिगमध्ये धरलेला असणार, हे मला कळतं. पण किटमध्ये जिग आयता मिळतो, असं माझं म्हणणं आहे. रनरची चौकट हाच जिग. ती नळीला घट्ट धरून आहे, सगळ्या बाजूंनी. आपण ती चौकट अडचण समजून घाईने तोडतो, तिथे चुकतं. गेट कापायचं ते सर्वांत शेवटी. आधी चौकट कापायची.

कारागीर : कशी?

हौशी : नळी एका दांड्याला समांतर असते आणि मधले गेट शिडीच्या पायऱ्यांसारखे. बहुतेक जण एका टोकाच्या पायरीपासून सुरू करतात. पहिली कापली की दांड्यात साच्यातून राहिलेला वाक मोकळा होतो, दांडा जरासा उसळतो आणि उरलेल्या पायऱ्यांना ओढतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत नळी गेलेली असते. मी पायऱ्यांना हात लावत नाही. नळीपासून लांब, चौकटीच्या कोपऱ्यांवर निपर लावून तेवढा तुकडा बाकीच्या फ्रेमपासून वेगळा करतो. लांब असल्यामुळे पाचरीचा धक्का वाटेतच जिरतो. मग दांडाच पायऱ्यांच्या मधोमध कापतो. आता प्रत्येक गेटला दांड्याचा एकेक सुटा ठोकळा लटकलेला राहतो. कुणी कुणाला ओढत नाही.

कारागीर : थांब, इथे तुझं गणित चुकतंय. दांडा जाड, तो तू निपरने कापणार. पाचर दोन्ही बाजूंना ढकलणार. म्हणजे डावा ठोकळा डावीकडे, उजवा उजवीकडे. दोघांच्या गेटांना नळी जोडलेली. मधली नळी ताणली जाणार, आणि तिच्या मधोमध काय आहे? वेल्ड लाइन. म्हणजे जिथे ताण नको, नेमका तिथेच तू ताण देतोयस. तुझी ही शिडीची युक्ती निपरने केली तर सरळ पायऱ्या कापण्यापेक्षा वाईट.

हौशी : बरोबर आहे. म्हणून दांडा करवतीने कापायचा. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या बारीक दात्यांच्या करवती मिळतात. करवत प्लास्टिक सारत नाही, भुसा करून बाहेर काढते. तिला जागा करून द्यावी लागत नाही.

कारागीर : करवत पुढे-मागे ओढते, त्याचं काय? तुकडा थरथरला की पुन्हा तेच.

हौशी : तुकडा काचेवर दुहेरी चिकटपट्टीने बसवायचा. नळी वर, दांडा चिकटलेला. पातं फक्त ओढताना टेकवायचं, ढकलताना उचलायचं. झालं तुमचं फिक्श्चर.

कारागीर : हं. हे मात्र पद्धतीत बसतं. काच, चिकटपट्टी, एका दिशेने चालणारी करवत. ह्यात हाताच्या कौतुकाला जागा कमी आहे, म्हणून मला आवडलं. आता एक सांग, त्या जपानी निपरचं काय प्रकरण आहे? एका निपरला एवढे पैसे?

हौशी : त्यात एकाच पात्याला धार असते. दुसरं पातं बोथट, सपाट. ते फक्त आधार देतं. धार एका बाजूनेच शिरत असल्यामुळे ढकलणं कमी, कापणं जास्त. गेटचा उरलेला खुंट काढायला त्याच्यासारखं काही नाही. पण तो निपर स्वतःच नाजूक आहे. जाड रनरवर चालवला तर पातं टवकतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पहिल्या कापाला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं साधं कटर घ्या, सपाट बाजू भागाकडे ठेवा, गेटचा खुंट मिलिमीटर-दीड मिलिमीटर शिल्लक ठेवा. दुसऱ्या कापाला मेडिकलमध्ये मिळणारं 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड घ्या. खुंट एका दमात न छाटता पातळ काप घेत जा. शेवटी 600 नंबरचा पॉलिश पेपर. जपानी निपर असेल तर उत्तम, नसेल तर काम अडत नाही.

(लिहिणाऱ्याने मध्येच एक शब्द टाकायला हरकत नसावी. हे दोघे हत्यारांविषयी बोलत असले, तरी एव्हाना दोघांचंही लक्ष जोर कुठून येतो आणि कुठे जातो याच्यावर गेलं आहे. किटवर काम करणाऱ्या नव्या मुलांना हत्यारांची यादी लगेच मिळते; जोराची वाट ओळखायला कुणी शिकवत नाही. ती शिकली तर निम्मे भाग वाचतील, असं मला मनापासून वाटतं.)

कारागीर : आता मुळावर येतो. एवढं सगळं करून तू नळी सुखरूप काढलीस. पुढे? ती प्लास्टिकचीच आहे. विमानाच्या नाकावर पुढे आलेली, सगळ्यांत आधी धक्का लागणारी. आणि आपण राहतो देवळाली कॅम्पात. निम्मी घरं बदलीची. आज तोफखान्याच्या शाळेत कोर्सला आलेले, उद्या पठाणकोटला. सामान ट्रकात चढलं की तुझी नळी गेली. त्यापेक्षा इंजेक्शनची सुई घे, हवी तेवढी कापून लाव. खऱ्या विमानावरही ती धातूचीच होती. नाहीतर रनरचाच तुकडा मेणबत्तीवर धर, मऊ झाला की दोन्ही टोकं सावकाश ओढ; केसाएवढी तार निघते. जो भाग दुसऱ्या कशाने जास्त चांगला होतो, तो वाचवण्यात रात्र घालवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

हौशी : सुईची युक्ती मीही वापरतो, तिला कमी लेखत नाही. पण सुई सगळीकडे सारख्या जाडीची. मिगची नळी मुळाशी जाड, पुढे टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते, तिच्या अंगावर छोटे पंख असतात. एफएलमध्ये ती नाकाच्या बरोबर वर मध्यावर, पुढच्या एमएफ आणि बायसनमध्ये उजवीकडे सरकलेली. मिग-21 आपल्या हवाई दलात 1963 साली आलं आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झालं. इतकी वर्षं ओझरच्या आसपासच्या माणसांनी ते विमान त्या नळीवरून ओळखलं. तिथे सरळ सुई लावली की ओळखणाऱ्याला खटकतं. आणि बदलीचं म्हणाल, तर नळी चिकटवायचीच नाही. भोकात घट्ट बसेल एवढी बसवायची, ट्रक आला की काढून वेगळ्या नळकांड्यात ठेवायची.

कारागीर : म्हणजे ती दर बदलीला काढायची-घालायची. मोडायची संधी एकदाच्या ऐवजी दर वेळी.

हौशी : खरंय. ह्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण सगळं नळीवर थांबवू नका. तोफेकडे चला. टामियाचं 1:35 मापातलं 25 पाउंडरचं किट आहे. ती तोफ 1965च्या लढाईतही आपल्या तोफखान्याकडे होती. मूळ तोफेच्या नळीचा आतला व्यास 87.6 मिलिमीटर, 1:35मध्ये तो अडीच मिलिमीटर होतो. नळीची चिंता नाही, ती जाड. चिंता आहे ती तोफेच्या डाव्या बाजूच्या हातचाकांची. तोफची तिथे बसून नेम धरायचा. मापात ते चाक नखाएवढं उरतं, त्याचे आरे धाग्यासारखे. गेट चाकाच्या कडेला. निपर कडेवर दाबला की गोल चाक अंड्यासारखं होतं आणि समोरचा आरा तडकतो. इथे सुई चालणार नाही, मेणबत्ती चालणार नाही. हा भाग वाचवावाच लागतो.

कारागीर : चाकाला गेट किती?

हौशी : दोन. समोरासमोर.

कारागीर : मग दोन्ही कापायची घाई कशाला? एक करवतीने कापून टाक, खुंट घासून साफ कर. दुसऱ्या गेटसकट रनरचा बोटभर तुकडा तसाच राहू दे. ती तुझी मूठ. चाक चिमट्यात धरायचंच नाही. चिमट्यात धरलं की दोन गोष्टी होतात: एकतर आरे दबतात, नाहीतर टिचकी बसल्यासारखं चाक उडतं आणि फरशीवर सापडत नाही. मुठीला धरून रंग दे, मुठीला धरून जागेवर बसव, डिंक... काय म्हणता तुम्ही त्याला, ते पातळ सिमेंट लाव. ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. सुकू दे चांगलं. मग शेवटचं गेट काप. तोपर्यंत चाकाला तोफेचा आधार मिळालेला असतो.

हौशी : काका, हे मी करून बघितलेलं नाही, पण ऐकताच पटतंय. म्हणजे भाग सुटा काढायचाच नाही. एका आधारावरून थेट दुसऱ्या आधारावर न्यायचा.

कारागीर : ओझरला जिगवरची माणसं हेच करत असणार. जिग सोडायचा तो पुढचा सांधा पक्का झाल्यावर. तुझ्या नळीलाही हेच लाव. मुळाकडचं जाड गेट मूठ म्हणून ठेव.

हौशी : मी उलट करेन. मूठ पुढच्या टोकाला ठेवेन. मूळ तर नाकात जायचं असतं. तिथे खुंट राहिला तर नळी बसणारच नाही.

कारागीर : पुढचं टोक सगळ्यांत बारीक. तिथे शेवटचा काप म्हणजे सगळी नळीच लिव्हर झाली. नळी बसलेली, जोर टोकावर, मोडणार मुळाशी. मुळाचा खुंट आधी घास, मूठ मुळाच्या जरा पुढे ठेव.

हौशी : तिथे गेट असेल तर. नसेल तर? साचा करणाऱ्याने दिलं तिथेच गेट.

कारागीर : बघ, पुन्हा साच्यावर आलो.

हौशी : आलो. पण थंडीचं विचारायचं राहिलं. डिसेंबरच्या सकाळी इथे जो गारठा असतो, त्यात किटचं पॉलिस्टायरिन जास्त कडकडीत होतं असं मला वाटतं. म्हणून मी रनर आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवतो. भाग कमी मोडतात.

कारागीर : पॉलिस्टायरिन मऊ पडायला लागतं ते 100 अंशांच्या आसपास. हाताला सोसेल एवढ्या पाण्याने ते मऊ होत नाही. गारठ्यातून वर आल्यावर ठिसूळपणा थोडा उतरत असेल, एवढंच. तुझे भाग वाचतात कारण पाण्यातून काढलेला रनर तू पुसतोस, काचेवर नीट ठेवतोस, सावकाश कापतोस. आणि थंडीत बोटंही आखडतात. ती कोमट पाण्याने सुटतात. फरक प्लास्टिकला पडला की बोटांना, हे तू वेगवेगळं तपासलेलं नाहीस.

हौशी : तपासलेलं नाही. तरी पाणी सोडणार नाही. बोटांना फरक पडत असेल तर तोही फरकच.

कारागीर : त्याला माझी ना नाही. फक्त त्याला प्लास्टिकचं शास्त्र म्हणू नकोस. आणि सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने तोलू नकोस, हेही मी कबूल करतो. जपानची बांदाई 1980पासून रोबोंची किट काढते. त्यातल्या काहींत गेट असे बारीक दिलेले असतात की भाग नुसत्या हाताने सुटतात. मुलामा दिलेल्या भागांना गेट खालच्या बाजूला, जोडात लपेल असं देतात. म्हणजे साचा करणाऱ्याने मनावर घेतलं तर काढणाऱ्याचा त्रास कमी होतो. हे मी आधीपासून म्हणतोय.

हौशी : रोबोचे भाग ठसठशीत असतात, काका. त्यांना गेट कुठेही देता येतं. तुमच्या त्या कंपनीला 1:72 मापातली पिटो नळी हाताने सुटेल अशी करून दाखवायला सांगा. पण आता ह्या वादाला नवीनच फाटा फुटलाय. 9 नोव्हेंबर 2018 रोजी इथे देवळालीतच के-9 वज्र आणि एम-777 तोफा सैन्यात दाखल झाल्या. के-9चं 1:35 मापातलं किट कोरियाच्या अकॅडमीचं मिळतं. आपल्या वज्रवरचे बारीकसारीक बदल मात्र त्यात नाहीत. ते मी रेझिन प्रिंटरवर छापायला घेतलेत. पहिला भाग दुर्बिणीच्या पेटीचा कंस. त्याला खालून सपोर्ट द्यावे लागतात, केसासारखे, गर्दी करून उभे. छापून झालं की तेच तोडायचे. रेझिन पूर्ण कडक व्हायच्या आधी गरम पाण्यात धरलं तर सपोर्ट अलगद सुटतात. इथे पाण्याचा उपयोग खरा आहे, हे तुम्हालाही मानावं लागेल.

कारागीर : कच्च्या रेझिनला लागू पडेल, मान्य. पण ते सपोर्ट कुठे द्यायचे, हे कोण ठरवतं?

हौशी : मीच. संगणकावर.

कारागीर : मग आता गेट देणारा तू आणि कापणाराही तू. दाखव बघू, कंसाला सपोर्ट कुठे दिलेस?

हौशी : मागच्या बाजूला. पुढून दिसायला नकोत म्हणून.

कारागीर : मागची बाजू म्हणजे सगळ्यांत पातळ पाकळी. तिथे पाच सपोर्ट. तोडताना पाकळी जाणार. पुढे जाड अंग आहे, तिथे दे. डाग राहिला तर घास.

हौशी : पुढच्या जाड अंगावर आकड्यांची खूण आहे. घासली तर ती जाते, आणि तो भाग छापायचं कारणच जातं.

कारागीर : मग पाकळी छापतानाच जाड कर, आणि नंतर पातळ घास.

हौशी : घासताना धरू कुठे?